झारची तीन बोटं

कतारहून सावंतवाडीला परतल्यापासून आमच्या चितारआळीत जो तो मला एकच विचारतो, "काकी, सोना किती आणलास?" सोनं मी गुंजभरही आणलं नाही. खजूर आणले, ते वाटून संपले. सांगण्यासारखी एक गोष्ट मात्र घेऊन आले आहे. ती सांगताना मी भरपूर फुशारकी मारणार आहे. ज्यांना सोसवत नसेल त्यांनी इथेच थांबावं.

मेसईद

माझा मुलगा नितीन मेसईदला खताच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. गाव दोह्याच्या दक्षिणेला, समुद्राकाठी. एका बाजूला कारखान्यांची धुरांडी आणि त्यांच्या टोकावर दिवसाही जळणाऱ्या ज्योती, दुसऱ्या बाजूला वाळूचे डोंगर, आणि मधोमध कंपनीची घरं. डिसेंबरअखेरची हवा इतकी छान की सकाळी शाल लागायची. सावंतवाडीच्या लाल मातीला सरावलेल्या माझ्या डोळ्यांना तिथला तो पांढुरका रंग आठवडाभर अगदी अळणी वाटला. मग हळूहळू दिसायला लागलं की वाळू सकाळी दुधाळ असते, दुपारी भाजलेल्या रव्यासारखी आणि संध्याकाळी चक्क गुलाबी.

रंगाचं बोलते आहे कारण माझा धंदाच तो. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन चितारी घरात आले आणि पुढची पंचेचाळीसेक वर्षं गंजिफा रंगवल्या. ज्यांनी पाहिल्या नसतील त्यांच्यासाठी सांगते : गोल पत्ते, त्यांवर दशावतारांची चित्रं, प्रत्येक चित्र हाताने काढलेलं आणि वर लाखेचा थर. तीन वर्षांपूर्वी दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली आणि नितीनने फोनवरून फर्मान काढलं, "आई, आता ब्रश खलास." हा 'खलास' तो कतारात शिकला आणि वापरला माझ्यावर.

रिकामं बसणं मला जमत नाही. रोज सकाळी फिरायला जायचे. चौथ्या की पाचव्या दिवशी घरी परतले, दारात चपला काढल्या, बेल वाजवली, तर दार उघडलं एका उंच, गोऱ्यापान बाईने. कंपनीची घरं सगळी एकाच साच्यातली, त्यामुळे मी शेजारच्या दारात उभी होते. मी ओशाळले. ती मात्र माझ्या अनवाणी पायांकडे बघून हसली आणि हाताला धरून मला आत घेऊन गेली. तिने बिनदुधाचा चहा दिला आणि सोबत बशीत चेरीचा मुरांबा. मी तो चहात घालून ढवळला. ती चमच्याने मुरांबा चाटून वर चहाचा घोट घेत होती. दोघींनी एकमेकींच्या कपाकडे संशयाने पाहिलं. तिचं नाव ओल्गा. ती रशियाची, नवरा कारखान्यात आणि ती घरीच. माझं इंग्रजी सातवीतलं, तिचं त्याहून थोडं बरं, तरी तासभर बोललो.

नव्या वर्षाच्या सुरुवातीला तिने आमच्याकडे गोड पाठवलं, ते एका पेटीतून. वीतभर लांबीची, काळीभोर, आरशासारखी चकाकणारी पेटी. झाकणावर चित्र होतं. समुद्राकाठी अर्धं बांधलेलं गलबत, फळ्यांचे ढीग आणि मधोमध हिरव्या कोटातला ताडमाड माणूस. त्याने बाह्या वर सारल्या होत्या, डावा हात फळीवर टेकवला होता आणि उजव्यात कुऱ्हाड धरली होती. सगळ्या चित्राची उंची माझ्या चार बोटांएवढी, पण कोटाची बटणंसुद्धा मोजता येत होती.

"आई, हा पीटर. रशियाचा झार," माझी सून प्राजक्ता म्हणाली. ती पुण्याची आणि वाचनाची. "जहाज बांधायला स्वतः शिकला होता म्हणे."

आपल्याकडच्या चित्रांतले राजे घोड्यावर बसून तलवार उगारतात. हा कामगारांत उभा राहून लाकूड तासत होता. मला तो फार आवडला. त्यावरचं कुंचल्याचं काम तर त्याहून आवडलं. मी भिंग लावून त्या पेटीपुढे इतका वेळ बसले की भाजी करपली.

संकष्टी आणि घोटाळा

त्या शनिवारी संकष्टी होती. मी उकडीचे मोदक केले. प्राजक्ता आणि नितीन बाजारात गेले होते. पेटी परत द्यायची होती, आणि शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही हे तर आपल्या अंगातच असतं. नैवेद्य झाल्याबरोबर मी पेटीत केळीच्या पानाचा तुकडा घातला, वाफाळते पाच मोदक ठेवले, वर चमचाभर तूप सोडलं आणि झाकण गच्च लावून पेटी फडक्यात बांधली, म्हणजे ऊब राहील, आणि लगेच ओल्गाकडे नेऊन दिली. पेटी लाकडाची असणार आणि वर लाखेचे थर असणार, असं मी धरून चालले. सावंतवाडीच्या चिताऱ्याला लाखकाम कोण शिकवणार!

दुसऱ्या दिवशी सकाळी ओल्गा आली. आधी म्हणाली, मोदक फार सुंदर होते. मग तिने पेटी टेबलावर ठेवली आणि तिचे डोळे भरून आले.

आरशावर फुंकर मारावी तसं सगळं झाकण पांढुरकं पडलं होतं. ते एका कोपऱ्याला उचललं गेलं होतं आणि नीट बसत नव्हतं. रात्री ते घट्ट बसलं, सकाळी तिने जोर लावून काढलं, तेव्हा तांदळाच्या दाण्याएवढा रंगाचा टवका उडाला. नेमका झारच्या उजव्या हाताचा. तीन बोटं आणि कुऱ्हाडीच्या दांड्याचा तुकडा गेला होता.

"चूक माझीच," ओल्गा म्हणत होती आणि प्राजक्ता मला मराठीत सांगत होती. "पेटी कागदाची आहे हे मी सांगायला हवं होतं."

"कागदाची?" मी विचारलं.

कागदाचे थर खळीने एकावर एक चिकटवून, दाबून, तेलात भाजून ती पेटी करतात. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. गंजिफाही आम्ही थरांवर थर चढवूनच करायचो, वर चिंचोक्याची खळ. माझ्याच धंद्यातली वस्तू मी ओळखली नाही आणि तिच्यात वाफ कोंडली.

पुढचं तर याहून कठीण होतं. ती पेटी ओल्गाच्या वडिलांनी रंगवलेली होती. जन्मभर त्यांनी तेच काम केलं, सगळ्या पेट्या विकल्या गेल्या, ही एकच त्यांनी घरात ठेवली. ते आता नाहीत. ओल्गाची आई वेरा येत्या शुक्रवारी मेसईदला येणार होती. "आई आली की आधी पेटी हातात घेते, मग मला जवळ घेते," ओल्गा म्हणाली. घरातलं सगळ्यात चांगलं भांडं म्हणून तिने आम्हाला त्यातून गोड पाठवलं होतं.

"तिका सांग," मी प्राजक्ताला म्हटलं, "शुक्रवारच्या आधी मी पेटी नीट करून देतंय."

प्राजक्ता सांगेना. "आई, प्लीज. ती वस्तू इररिप्लेसेबल आहे. तुमचे डोळे... आणि आणखी काही झालं तर?"

"सांग म्हणतंय ना तिका!"

तिने सांगितलं. ओल्गा उठून माझ्याजवळ आली. मग तिने माझा उजवा हात हातात घेतला, उलटा केला आणि करंगळीच्या कडेवरून बोट फिरवलं. तिथे घट्टा आहे. बारीक काम करताना आम्ही करंगळी पत्त्यावर टेकवतो, चाळीस वर्षांत तिथली कातडी जाड होते. "पापा," ती म्हणाली, आणि आपल्या करंगळीवर तीच जागा दाखवली. पेटी तिने माझ्याकडे ठेवली.

पाच दिवस होते. झाकण मी सुती फडक्यांत गुंडाळलं आणि त्यावर नितीनच्या ऑफिसच्या जाडजूड मॅन्युअलांची चळत रचली. दमट हवेत वळलेल्या गंजिफा आम्ही अशाच सरळ करायचो.

दोहा

सोमवारी कंपनीच्या बसने आम्ही दोघी सासूसुना दोह्याला गेलो. मला रंग हवे होते. प्राजक्ताला हवी होती दुसरी पेटी. "बॅकअप असलेला बरा," तिने ठरवून टाकलं होतं.

सूक म्हणजे तिथला जुन्या वळणाचा बाजार. मसाल्यांची पोती, ऊद, पिंजऱ्यांतले पोपट, डोक्याला गुंडाळायचे रुमाल. वासांवरून वाट सापडावी असा. एका दुकानात खरंच रशियन पेट्या होत्या, आणि प्राजक्ताने आनंदाने माझा दंड धरला. त्यांतल्या एकीवर तोच झार होता, तोच हिरवा कोट, तीच कुऱ्हाड. चित्र बहुधा तिकडे नेहमीचंच असावं, जसे आमचे दशावतार.

दुकानदार हैदराबादचा होता. "हँडमेड है अम्मा, हंड्रेड परसेंट."

मी पिशवीतलं भिंग काढलं. झारच्या गालावर ठिपके होते, वर्तमानपत्रातल्या फोटोवर असतात तसे. चित्र छापील, वरून चिकटवलेलं, आणि फक्त कोटाच्या कडेला कुणीतरी सोनेरी रेघ हाताने ओढलेली. मी भिंग दुकानदाराच्या डोळ्याला लावलं. त्याने पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मोठ्याने हसला. "अम्मा, आप रोज मत आना." मग त्याने समोरून करक मागवला. हा तिथला आटवलेला दाट चहा, वेलची घातलेला, कागदी पेल्यातून मिळतो. आपल्या चहाचा श्रीमंत मावसभाऊच म्हणा. दोन प्यायले.

दुसऱ्या पेटीचा विचार मी तिथेच सोडून दिला. ओल्गाच्या आईपुढे छापील झार ठेवायचा? मान कापली तरी नाही. रंगांच्या दुकानातून पांढरा, गेरूसारखा तांबडा, पिवळी माती आणि काजळी अशा भुकट्या घेतल्या आणि सर्वांत बारीक कुंचला घेतला. तोही मला जाडच वाटला, म्हणून घरी येऊन ब्लेडने आणखी विरळ केला.

उम्म सलाल मोहम्मद

आता लाख हवी होती. नितीनच्या कारखान्यातल्या एका फिटरने पत्ता दिला, आणि मंगळवारी नितीनने दुपारची सुट्टी काढून आम्हाला दोह्याच्या उत्तरेला उम्म सलाल मोहम्मदला नेलं. मळे, खजुरीच्या रांगा, नवी घरं, आणि एका गल्लीत इस्माईल मिस्त्रींची सुतारशाळा. माणूस राजापूरचा, पन्नाशीचा, दाढीत भुसा अडकलेला. मी हिंदीत सुरुवात केली.

"लाख चाहिए, पॉलिशवाला. चपडा."

त्यांनी रंधा खाली ठेवला. "काकी, तुमी खयल्या वो? ह्या हिंदी काय तुमचा न्हय."

"सावंतवाडीची."

"मगे हिंदी कित्याक मारतास?" ते म्हणाले, आणि लगेच खुर्ची आली, खजूर आले, पाणी आलं. भुसा झटकून त्यांनी झाकण हातात घेतलं. कुऱ्हाडवाला राजा बघून ते खुलले. "राजान हत्यार धरल्यान हा! म्हणजे आमचोच माणूस. पण ह्येची बोटां खय गेली?"

मी मोदकांची सगळी हकिकत सांगितली. ते हसले नाहीत. माझी खरी अडचण आता त्यांच्यासमोर निघाली. विष्णूचं चक्र, रामाचा बाण, परशुरामाचा परशू अशी हत्यारं मी हजारदा काढली आहेत, पण ती देवांची. देव हत्यार नुसतं मिरवतात, त्यांच्या बोटांवर कधी जोर पडत नाही. काम करणारा माणूस कुऱ्हाड कशी धरतो हे मी उभ्या जन्मात नीट पाहिलं नव्हतं.

इस्माईलभाईंनी कोपऱ्यातली कुऱ्हाड उचलली आणि बाही वर सारली. "बघा काकी. अंगठो असो वरसून. ह्या बोट सैल. ही तीन आवळून. ही तीन ढिली पडली तर कुऱ्हाड पायार येता."

मी वहीत तो हात काढला. समोरून काढला, बाजूने काढला, मूठ वळवून काढला. पंधरा-वीस मिनिटं ते बिचारे पुतळ्यासारखे उभे राहिले, आणि त्यांचे कारागीर हत्यारं टाकून बघत होते. निघताना त्यांनी स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख बाटलीत भरून दिली. पैशाचं नाव काढलं तर रागावले. "राजाचा काम हा. इन्शाल्ला, बोटां माझी दिसाक होयी."

बाहेर खजुरीची झावळी पडली होती. तिची चार वाळकी पानं मी पिशवीत टाकली. नितीन कपाळाला हात लावून गाडीत बसला.

पुन्हा मेसईद

बुधवारी सकाळी मॅन्युअलं उचलली, तर झाकण सरळ झालं होतं. पेटीवर ठेवलं तसं टक् करून बसलं. मी प्राजक्ताला मिठी मारली, ती अंघोळ करून ओल्या केसांनी आली होती तरी.

पांढुरका डाग घालवायला देव्हाऱ्यातली उदबत्तीची राख चाळली, खोबरेल तेलाच्या थेंबात कालवली आणि बोटाने हलकी हलकी गोल फिरवली. लाकडी खेळण्यांवरची लाख आमच्याकडे केवड्याच्या पानाने घोटतात. इथे केवडा कुठला! मग खजुरीचं पान वापरलं, आणि खोटं कशाला बोलू, केवड्याहून तसूभरही कमी पडलं नाही. तासाभराने पांढरेपणा विरत गेला. खालून समुद्र वर आला, गलबत आलं, झारचा चेहरा आला. प्राजक्ता मागे उभी होती. "आई," ती म्हणाली आणि भिंग माझ्यापुढे सरकवलं.

मग खडू आणि डिंकाने खळगा भरला, वाळल्यावर घोटून वर काळा दिला. ओल्गाने सांगितलं होतं की पापा रंग अंड्याच्या बलकात कालवायचे आणि त्यात व्हिनेगरचं पाणी घालायचे. मी आयुष्यभर डिंक वापरला, पण दुसऱ्याच्या घरात त्यांच्या रीतीने वागावं म्हणून बलक फोडला. आधी पांढऱ्याची बोटं, मग त्यांवर कातडीचा रंग, मग सावली.

पहिला प्रयत्न साफ फसला. बोटं वालाच्या शेंगांसारखी झाली. मी घाबरले होते हे कबूल करते. सगळं पुसलं. दुपारी नुसती पडून राहिले. शुक्रवार डोळ्यांसमोर दिसत होता, आणि त्या बाईच्या हातातली बिघडलेली पेटी.

साडेतीनला उठून खिडकीशी बसले. वही उघडली, इस्माईलभाईंचा हात समोर ठेवला. करंगळी पेटीवर टेकवली, श्वास रोखला आणि पहिली रेघ ओढली. ती बसली. मग दुसरी. मग मला वेळेचं भान राहिलं नाही. तीन वर्षं मी काय गमावून बसले होते ते त्या तासात कळलं, आणि इतका आनंद झाला की गाणं म्हणावंसं वाटलं. म्हटलंही, बोटं संपल्यावर.

गुरुवारी लाखेचे तीन पातळ हात दिले. आपल्या दमट हवेत लाख वाळायची म्हणजे रुसलेल्या जावयाची समजूत काढावी लागते. तिथल्या कोरड्या हवेत ती गुणी मुलीसारखी वाळली. संध्याकाळी मी खजुरीच्या पानाने शेवटचा हात फिरवला आणि नितीनला बोलावलं. त्याने भिंग घेऊन पाहिलं, दोनदा पाहिलं. "यल्ला," तो म्हणाला, म्हणजे तिकडचं 'चला', "डोळ्यांच्या डॉक्टरला याचा फोटो पाठवतो."

शुक्रवार

वेराबाई ठेंगण्या, गोल, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल बांधलेल्या. जेवण झाल्यावर ओल्गाने आम्हाला पेटी घेऊन बोलावलं. तिला मी आधीच बजावलं होतं, आईपासून काही लपवायचं नाही. मोदकांपासून सगळं तिने रशियनमध्ये सांगितलं. वेराबाईंच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. त्या स्वतः अशा पेट्या जिथे बनतात त्या गावच्या, तीस वर्षं पेट्यांना लाख चढवलेल्या. म्हणजे परीक्षक साधासुधा नव्हता.

त्यांनी पेटी खिडकीशी नेली. तिरपी धरून बघितली, झाकण उघडून लावलं, पुन्हा उघडून लावलं, कडेवरून नख फिरवलं. मग गळ्यातलं भिंग डोळ्याला लावलं. बऱ्याच वेळाने त्यांनी चित्रावर बोट ठेवलं आणि काहीतरी तुटक म्हणाल्या.

ओल्गाने इंग्रजीत सांगितलं, प्राजक्ताने मराठीत. "त्या म्हणतात, दुरुस्ती चांगली आहे, पण कळते. हा हात जरा कच्चा आहे."

त्यांचं बोट झारच्या डाव्या हातावर होतं, फळीवर टेकवलेल्या.

मी मान हलवली. "नाय," मी म्हटलं, आणि उजव्या हाताकडे बोट दाखवलं.

वेराबाईंनी पुन्हा भिंग लावलं. उजवा हात पाहिला, डावा पाहिला, परत उजवा. आणि मग त्या हसायला लागल्या. आधी खांदे हलले, मग सगळं अंग, मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ओल्गाही रडत हसत होती. "आई म्हणते, तिने पापांना तेव्हाच सांगितलं होतं, डावा हात घाईत उरकलास म्हणून. ते महिनाभर तिच्याशी बोलले नव्हते!"

वेराबाई उठल्या, माझ्याजवळ आल्या आणि माझे दोन्ही गाल धरून तीनदा मुका घेतला. मग त्यांनी मला चित्राच्या तळाशी काहीतरी दाखवलं. तिथे सोनेरी अक्षरं होती, मुंगीच्या पायांएवढी. त्यांच्या गावाचं नाव आणि नवऱ्याचं नाव. त्याच्या शेजारची मोकळी काळी जागा त्यांनी बोटाने ठोकली, मग माझ्या छातीवर बोट ठेवलं.

"तुमचं नाव घालायचं म्हणतात," प्राजक्ता म्हणाली.

मी म्हटलं, आमच्यात अशी पद्धत नाही. गंजिफांवर कारागीर नाव घालत नाही. माझ्या सासऱ्यांनी घातलं नाही, नवऱ्याने नाही, मी नाही. कितीतरी पत्ते जगभर गेले, कुणी काढले ते कुणाला ठाऊक नाही आणि आम्हाला त्याचं कधी काही वाटलंही नाही. हे सगळं दोन भाषांतून वेराबाईंपर्यंत पोचलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि ओल्गाला अंडं आणायला सांगितलं.

प्राजक्ता धावत जाऊन कुंचला आणि पिवळी माती घेऊन आली. वेराबाईंनी स्वतः बलक फोडून रंग कालवून दिला. मी करंगळी पेटीवर टेकवली. रशियाच्या झारच्या बुटांजवळ, माझ्या अडुसष्टाव्या वर्षी, मी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या कामावर नाव घातलं, मराठीत : शालिनी चितारी, सावंतवाडी.